लहान मुलांसह विमानप्रवास

प्रस्तावना

पूर्वी घरातील माणसे प्रवासाला निघाली, की वडीलधारी स्त्री दशम्यांची शिदोरी बांधून देत असे. प्रवास बैलगाडीचा असो, एस.टी.चा असो वा आगगाडीचा, ती शिदोरी वाटेत कोठेही सोडता येई. सामान पायाशी किंवा डोक्यावरच्या फळीवर असे. मूल रडू लागले, तर हात लांबवताच दुपटे सापडे. गाडी स्थानकात थांबली, की पाणी आणि दूध मिळे. विमानप्रवासात मात्र मोठे सामान प्रवासापूर्वीच प्रवाशाच्या हातातून जाते आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत दिसत नाही. वाटेत कोठे थांबाही नसतो. त्यामुळे या प्रवासाची तयारी वेगळ्या विचाराने करावी लागते. ती कशी करावी आणि तशीच का करावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

मूळ पाठ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन छोटे विमान आणले आणि भारतातील नागरी विमानवाहतुकीत एक नवे पर्व सुरू झाले. त्यानंतर अनेक दशके विमानप्रवास ही धनिकांची मिरासदारी होती. २००३ मध्ये 'एअर डेक्कन' या कंपनीने कमी भाड्याची विमानसेवा सुरू केली. २०१६ मध्ये केंद्र शासनाने 'उडान' ही योजना जाहीर केली. या योजनेतून एप्रिल २०१७ मध्ये नांदेडहून हैदराबादला विमान सुटले. नोकरी, शिक्षण, बदली, आजारपण, लग्नकार्य अशा कारणांनी आता सामान्य कुटुंबेही विमानाने जातात. त्यांपैकी अनेकांचा तो पहिलाच विमानप्रवास असतो आणि पुष्कळांच्या कडेवर तान्हे मूल असते.

समजा, आई, वडील, चार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचे बाळ असे एक कुटुंब डिसेंबर महिन्यात पुण्याहून दिल्लीला निघाले आहे. या कुटुंबाच्या उदाहरणावरून प्रवासाच्या तयारीचा विचार करू.

वेळेचा हिशोब

पुण्याहून दिल्लीला विमान सुमारे सव्वादोन तासांत पोहोचते. तेवढ्यावरून एखाद्याला वाटेल, की बाळाला एकदा दूध पाजले म्हणजे झाले. परंतु बाळाचा प्रवास घराच्या उंबरठ्यापाशी सुरू होतो. घरापासून विमानतळापर्यंत एक तास, विमानतळावर दोन तास, विमानात सव्वादोन तास, उतरल्यावर सामान मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास आणि पुढे मुक्कामापर्यंत एक तास, अशी बेरीज केली तर ती सात तासांवर जाते. त्यातच डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतात दाट धुके पडते आणि दिल्लीची विमाने कित्येकदा तासन्‌तास रखडतात. म्हणून सात तासांत आणखी तीन-चार तास मिळवून दहा-अकरा तासांची सोय हाताशी ठेवणे शहाणपणाचे ठरते.

किती वस्तू घ्याव्यात, याचे उत्तरही याच हिशोबातून मिळते. बाळाला दर दोन-तीन तासांनी नवा डायपर लागत असेल, तर दहा तासांना चार-पाच आणि पोट बिघडलेच तर आणखी दोन, असे सहा-सात डायपर पुरतात. पंधरा डायपर भरले तर जागा अडते आणि तीन भरले तर पंचाईत होते. दूध, खाऊ आणि कपडे यांचे प्रमाणही असेच तासांवरून ठरवावे.

कागदपत्रे आणि आसने

दोन वर्षांखालील मुलाला विमानात स्वतंत्र आसन नसते. ते आईवडिलांपैकी एकाच्या मांडीवर बसते आणि त्यासाठी कंपन्या अल्प शुल्क आकारतात. मात्र त्याचे नाव तिकिटात नोंदवावेच लागते. बाळाचे वय दोन वर्षांपेक्षा कमी आहे, हे दाखवण्यासाठी जन्माचा दाखला किंवा तसाच अन्य पुरावा जवळ ठेवावा. परतीच्या दिवसापूर्वी मुलाला दोन वर्षे पूर्ण होणार असतील, तर परतीसाठी त्याचे स्वतंत्र आसन घ्यावे लागते. तिकीट काढताना ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

मोठ्या मुलीचे आसन आईवडिलांपासून दूर पडले तर काय करावे, अशी चिंता अनेकांना असते. या संदर्भात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये विमान कंपन्यांना निर्देश दिले. एकाच तिकीट-क्रमांकावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील वा पालक यांपैकी किमान एकाच्या शेजारी आसन द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. म्हणून सर्व कुटुंबाची तिकिटे एकत्र काढावीत.

परदेशी जायचे असेल, तर तान्ह्या बाळालाही स्वतःचे पारपत्र लागते. भारतात अज्ञान मुलाचे पारपत्र सामान्यतः पाच वर्षांसाठी किंवा त्याला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वैध असते. ते मिळण्यास वेळ लागतो, म्हणून अर्ज पुष्कळ आधी करावा.

नजरेआड जाणारे सामान

मोठी बॅग विमानतळावरील खिडकीवर दिली, की ती विमानाच्या पोटात जाते. मुक्कामी लागणाऱ्या वस्तू तिच्यात ठेवाव्यात. देशांतर्गत प्रवासात सामानाचे वजन बहुधा मर्यादित असते आणि ही मर्यादा कंपनीनुसार बदलते. म्हणून तिकिटावर छापलेली मर्यादा वाचून घरीच वजन करावे. बाबागाडी नेण्याची मुभा बहुतेक कंपन्या देतात. ती कोठे सोपवायची आणि कोठे परत मिळेल, हे आधी विचारून घ्यावे.

काही वस्तू विमानातून नेता येत नाहीत किंवा विशिष्ट ठिकाणीच ठेवाव्या लागतात, आणि त्यामागे कारणे आहेत. मोबाइल चार्ज करण्याची पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवता येत नाही. तिच्यातील लिथियमची बॅटरी क्वचित पेट घेते. हातातील सामानात असे घडले, तर ते लगेच दिसते आणि विझवता येते. विमानाच्या पोटात ते कोणाला कळणार नाही. सुक्या खोबऱ्यात तेलाचा अंश फार असतो आणि ते आपोआप तापून पेटण्याचा धोका असतो, म्हणून आजीने दिलेली खोबऱ्याची वाटी घरीच राहू द्यावी. ताप पाहण्यासाठी पाऱ्याऐवजी अंक दाखवणारा तापमापक घ्यावा. पारा सांडला तर ॲल्युमिनियमला पोखरतो आणि विमानाचा बराचसा सांगाडा त्याच धातूचा असतो.

हाताशी राहणारी पिशवी

सर्वांत अधिक विचार मागते ती हातातील पिशवी. तिची मर्यादा बहुधा सात किलोच्या आसपास असते. ती भरताना 'काय काय घ्यावे' याच्या जोडीने 'कोणती वस्तू केव्हा लागेल' हा प्रश्न विचारावा. पहिल्यांदा लागणारी वस्तू सर्वांत वर असावी. विमानात आसनांमधील जागा अरुंद असते. मांडीवर रडणारे बाळ असताना एका हाताने पिशवी उपसावी लागली, तर आईचे हाल होतात आणि शेजाऱ्यांनाही त्रास होतो.

यावर सोपा उपाय म्हणजे लहान लहान थैल्या. एका थैलीत एक डायपर, ओले रुमाल, अंथरायचे दुपटे आणि घाण गुंडाळण्यासाठी प्लास्टिकची पिशवी असावी. स्वच्छतागृहात जाताना तेवढीच थैली न्यावी, सगळी पिशवी नेऊ नये. दुसऱ्या थैलीत खाण्यापिण्याचे पदार्थ असावेत. तिसऱ्या थैलीत बाळाच्या कपड्यांचा एक संपूर्ण जोड आणि आईसाठी एक साधा सदरा किंवा कुर्ता असावा. बाळाला उलटी झाली, तर ती बहुधा आईच्या अंगावरच होते. आईचे कपडे मात्र मोठ्या बॅगेत गेलेले असतात.

पुण्याहून निघताना दुपारी सुती झबले पुरेसे असते. दिल्लीत डिसेंबरच्या रात्री कडाक्याची थंडी असते. म्हणून लोकरीचे टोपडे, मोजे आणि पातळ गोधडी हातातच ठेवावी. विमानातही गारवा असतो, तेव्हा तीच गोधडी कामी येते.

अन्नाच्या बाबतीत स्तनपान घेणाऱ्या बाळाची सोय सर्वांत सुलभ असते. पावडरीचे दूध देत असल्यास ते घरून कालवून नेऊ नये. कालवलेले दूध साध्या तापमानात दोन तासांच्या आत संपवावे लागते, अन्यथा त्यात जंतू वाढतात. पावडर मोजून कोरड्या डब्यांत ठेवावी, उकळलेले पाणी थर्मासमध्ये घ्यावे आणि ऐनवेळी दूध तयार करावे. दहा महिन्यांच्या बाळासाठी नाचणीच्या सत्त्वाची पूड किंवा कुस्करलेले केळे चालते. एक वर्षाखालील बाळाला मध मात्र देऊ नये, कारण त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होते. चार वर्षांच्या मुलीसाठी दशमी, राजगिऱ्याचा लाडू, लाह्या हे पदार्थ उत्तम. ते सांडत नाहीत आणि त्यांना उग्र वासही नसतो.

आई आणि वडील यांनी सामान वाटून घ्यावे. सर्व डायपर एकाच्या पिशवीत आणि सर्व दूध दुसऱ्याच्या पिशवीत, अशी वाटणी करू नये. दोघांच्याही पिशवीत प्रत्येक वस्तू थोडीथोडी असावी. दोघे क्षणभर दुरावले, तरी बाळाची अडचण होत नाही. तिकिटे आणि ओळखपत्रे अंगावरच्या खिशात वा खांद्याच्या छोट्या पर्समध्ये ठेवावीत.

सुरक्षा तपासणी

२००६ च्या ऑगस्ट महिन्यात द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील द्रव पदार्थांवर जगभर निर्बंध आले. साधारण नियम असा, की शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतील द्रव नेता येत नाही. मात्र प्रवासात लागणारे बाळाचे दूध, अन्न आणि औषधे यांना वाजवी प्रमाणात सूट असते. या वस्तू पिशवीतून आधीच बाहेर काढून तपासनीसाला दाखवाव्यात. लोणच्याची आणि तुपाची बरणी मात्र हातातील पिशवीत ठेवू नये.

तपासणीच्या वेळी बाळाला बाबागाडीतून उचलून घ्यावे लागते आणि गाडी यंत्रातून पाठवावी लागते. बाळाच्या पायांत चांदीचे वाळे किंवा हातांत बिंदल्या असतील, तर धातुशोधक यंत्र वाजते आणि पुन्हा तपासणी होते. ते दागिने आदल्या दिवशीच काढून ठेवावेत.

हवेचा दाब आणि बाळाचे कान

विमानात बाळ रडते ते हट्टीपणामुळे, असा अनेकांचा समज असतो. बहुतेकदा त्याचे कान दुखत असतात. याचे कारण समजून घेतले, तर उपायही सापडतो.

विमान तीस ते चाळीस हजार फूट उंचीवर उडते. तेथील विरळ हवेत श्वास घेणे अशक्य असते, म्हणून विमानात यंत्राने दाब राखला जातो. तरीही तो जमिनीवरच्या दाबापेक्षा कमी असतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा दाब असतो, साधारण तेवढाच तो असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच आहे. विमानात बसलेले बाळ जणू त्याहूनही उंच जाऊन काही वेळातच खाली उतरते. लाह्यांचे बंद पाकीट विमानात फुगते आणि बाटलीचे झाकण उघडताच कधी कधी पाणी उसळते, ते या बदलामुळेच.

कानाच्या पडद्याआड हवेची छोटी पोकळी असते. एक बारीक नलिका तिला घशाच्या वरच्या भागाशी जोडते. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. विमान वर जाते, तेव्हा पोकळीतील हवा प्रसरण पावते आणि नलिकेतून सहज बाहेर पडते. विमान उतरू लागते, तेव्हा बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत शिरणे आवश्यक होते. परंतु नलिका दाबामुळे मिटू पाहते. पडदा आत ओढला जातो आणि ठणका लागतो. लहान मुलांची नलिका अरुंद आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे त्यांना हा त्रास अधिक होतो. गिळताना मात्र ही नलिका क्षणभर उघडते. मोठ्या माणसाला आवंढा गिळता येतो किंवा जांभई देता येते. बाळाला ते सांगून कळत नाही. त्याला दूध पाजले, की ते आपोआप गिळते.

म्हणून बाळाचे एक दूध विमान उतरण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावे. पुष्कळ माता विमान सुटताच बाळाला पोटभर पाजतात. मग उतरताना ते भरल्या पोटी झोपलेले असते. झोपेत गिळण्याची क्रिया कमी होते आणि बाळ कळवळून जागे होते. विमान उतरण्यास सुरुवात होते ती जमिनीवर टेकण्यापूर्वी सुमारे अर्धा तास. त्या वेळी बाळाला हळुवार जागे करून थोडे थोडे पाजत राहावे. मोठ्या मुलीला घोट घोट पाणी द्यावे.

मांडीवरच्या बाळाची सुरक्षितता

मांडीवरच्या बाळासाठी वेगळा छोटा पट्टा विमानातील कर्मचाऱ्यांकडून मागून घ्यावा. तो आईच्या पट्ट्याला जोडून बाळाच्या कमरेभोवती बांधतात. आईच्या पट्ट्यातच बाळाला कधीही गुंडाळू नये, कारण धक्का बसला तर आईचा भार बाळावर येतो.

विमानातील दाब एकाएकी कमी झाला, तर डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. तेव्हा आधी स्वतःला आणि मग मुलाला मुखवटा लावावा, अशी सूचना दिली जाते. आईच्या मनाला ती पटत नाही. परंतु पस्तीस हजार फुटांवर प्राणवायूवाचून माणूस जेमतेम अर्धा ते एक मिनिट भानावर राहतो. मुलाला मुखवटा लावताना आईच बेशुद्ध पडली, तर दोघांचेही प्राण धोक्यात येतात. आई भानावर राहिली, तरच ती मुलाला वाचवू शकते. आसनांच्या प्रत्येक संचावर साधारणतः एखादाच मुखवटा जादा असतो. त्यामुळे मांडीवरची दोन बाळे शेजारीशेजारी बसवली जात नाहीत.

आजारपण आणि औषधे

मुलाला सर्दी झाली असेल, कान फुटला असेल, ताप किंवा जुलाब असतील, तर प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गरज भासल्यास प्रवास पुढे ढकलावा. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाला विमानात नेण्यास बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत. औषधांच्या थैलीत डॉक्टरांनी सांगितलेले तापाचे औषध, त्याची चिठ्ठी, मोजण्याचे माप आणि जलसंजीवनीची पाकिटे असावीत. विमानातील हवा फार कोरडी असते, म्हणून मुलांना वरचेवर पाजत राहावे. बाळ झोपून राहावे म्हणून काही जण सर्दी-खोकल्याचे औषध देतात. हा प्रकार घातक आहे. अशा औषधाने तान्ह्या बाळाचा श्वास मंदावू शकतो आणि काही मुले झोपण्याऐवजी उलट अधिकच अस्वस्थ होतात.

मुलीच्या मनाची तयारी

चार वर्षांच्या मुलीला भीती वाटते ती अनोळखी गोष्टींची. आदल्या दिवशी तिला गोष्टीसारखा सगळा क्रम सांगावा. आधी रांग असेल, मग पिशव्या यंत्रातून जातील, तिची बाहुलीही त्या बोगद्यात जाईल आणि पलीकडून तिला परत मिळेल. हे ठाऊक नसले, तर बाहुली हातातून घेताच ती आकांत करते. तिच्या खिशात आईवडिलांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. तिच्या पाठीवर छोटी पिशवी देऊन तीत चित्रांचे पुस्तक, रंगखडू आणि गोधडीचा आवडता तुकडा ठेवला, तर तिलाही प्रवासात आपला वाटा आहे असे वाटते.

समारोप

एवढी तयारी करूनही बाळ रडण्याचा संभव असतोच. तयारीमुळे रडणे थांबेलच असे नाही. परंतु ते का रडत आहे हे ओळखण्याइतके मन शांत राहते आणि हवी ती वस्तू हाताला लागते. शिदोरी बांधणाऱ्या आजीलाही हेच साधायचे होते. वाटेत कोणती वेळ येईल आणि तेव्हा लेकराला काय लागेल, याचा विचार ती घरी बसून करीत असे. प्रवासाची साधने बदलली, तरी तो विचार आजही तितकाच उपयोगी आहे.

शब्दार्थ

मिरासदारी : विशेष हक्क
पारपत्र : परदेशी जाण्यासाठी लागणारे अनुमतिपत्र, पासपोर्ट
अज्ञान : (येथे) अठरा वर्षांखालील
वाळे, बिंदल्या : लहान मुलांच्या पायांतील व हातांतील दागिने
आवंढा : गिळताना घशाखाली जाणारा घोट
जलसंजीवनी : जुलाबात पाण्याची कमतरता भरून काढणारे मीठ-साखरेचे मिश्रण

स्वाध्याय

१. विमानप्रवास सव्वादोन तासांचा असला, तरी तयारी दहा-अकरा तासांची का करावी?
२. विमान उतरताना बाळाचे कान का दुखतात? त्यावरचा उपाय कारणासह लिहा.
३. 'आधी स्वतःला, मग मुलाला' या सूचनेमागील विचार तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील एखाद्या लहान मुलासह सहा तासांचा प्रवास करायचा आहे, असे समजून हातातील पिशवीत ठेवायच्या वस्तूंची यादी करा. प्रत्येक वस्तू केव्हा लागेल, हे तिच्यासमोर लिहा.